खालच्या मजल्यावरून

नेल्बा तेचेरा माझ्या डोक्यावर राहते,
ती आणि तिचा डबल बेस.
लिफ्टमध्ये दोघं एकदम मावत नाहीत,
म्हणून बेस लिफ्टने जातो, नेल्बा जिन्याने,
आणि चौथ्या मजल्यावर त्याला उतरवून घ्यायला
धापा टाकत हजर.

मी दातांच्या कवळ्या करतो. काम रात्रीचं.
प्लास्टर घट्ट व्हायला शांतता लागत नाही,
वेळ लागतो.
दर गुरुवारी साडेआठला छतातून खर्ज उतरायचा,
आधी टेबलाच्या पायांत, मग माझ्या कोपरांत,
मग वाटीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं,
तळाशी मासा कूस बदलत असावा तशी.

दोन वर्षं मी ते संगीत ऐकलं.
एक लांब सूर.
मग काहीच नाही.
मग दोन ठोके, लाकडावर बहुतेक.
मग परत काही नाही, इतका वेळ
की मेण तापवून एखादी दाढ बसवून व्हायची.
विचित्र बाई, मी म्हणायचो,
वाक्य सुरू करते आणि विसरते.

पण त्या विसरण्याची मला सवय लागली.
माल्मोला निघून गेलेल्या भावाला
मी न लिहिलेलं पत्र
एकेक ओळ करून त्या जागांत ठेवू लागलो.
चांगली मापात बसत होती.

मे महिन्यात दाराखालून कागद सरकला:
शनिवारी, बंद पडलेल्या टोप्यांच्या कारखान्यात,
गिटार आणि डबल बेस.

गिटार?
कुठली गिटार?

बावीस खुर्च्या. माझीचा एक पाय आखूड.
बाहेर समुद्राएवढी नदी पत्रे वाजवत होती.
नेल्बाशेजारी विल्मार ओलास्कोआगा बसला,
उजव्या हाताची नखं वाढलेली, डाव्याची कापलेली,
खुर्चीखाली मातेचा थर्मास.
हा तर दर गुरुवारी माझ्यासाठी दार धरून ठेवणारा पोरगा!
मला वाटायचं तिचा भाचा असेल.

दोघांच्या चार तारांची नावं एकच:
सोल, रे, ला, मी.
गिटारला वर आणखी दोन, खिडकीतून वाकून बघायला.

त्याने तार छेडली.
गिटारला गज नसतो,
सूर जन्मला की लगेच मरायला लागतो,
मागे राहते ती आस, तीही मोजकी.
ती संपता संपता नेल्बाने
तोच सूर सप्तकभर खालून धरला,
म्हाताऱ्याच्या पायाखाली
कुणी न बोलता पायरी सरकवावी तसा.

हाच. हाच माझा लांब सूर.
म्हणजे ती सुरुवात नव्हतीच कधी.
ते उचलून घेणं होतं.

आणि मग माझ्या सगळ्या रिकाम्या जागा
विल्मारच्या बोटांनी भरलेल्या निघाल्या,
टाचण्यांचा डबा फरशीवर सांडावा तशा.
खरं सांगतो, मला राग आला.
मी ज्या खोलीत सामान लावलं होतं
तिथे आधीपासून कुणी राहत होतं.

शेवटच्या पानावर नेल्बाने
गज न थांबवता सर्वांत जाड तारेची खुंटी फिरवली,
आणि मी सैल होत गेला,
सैल, आणखी सैल,
शेवटी सूर उरला नाही,
नुसतं तारेचं वजन.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा उशिरा.

गुरुवार. साडेआठ.
काँक्रीटमधून गिटार अजूनही येत नाही.
मी हातातली सुरी खाली ठेवून
ती जागा आठवून भरायला गेलो, जमलं नाही;
चार सुरांचा एक तुकडा सापडला, तोही चुकीचा असेल.

मग कागद ओढला. ओमेरो, एवढं लिहिलं.
पुढे काही सुचेना.
वाटीतलं पाणी थांबत आलं होतं.

वर दोन ठोके पडले.
ते लाकडावरचे नसतात, शनिवारी पाहिलं मी,
ती विल्मारची टाच असते,
नेल्बाचा सूर चालू असताना
गप्प बसून मात्रा मोजणारी.